ट्विन स्पंज फिल्टर: पिल्लांच्या टाकीत घ्या, ऑस्करच्या नको

क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानांत दोन काळे स्पंज लावलेला, हवेवर चालणारा फिल्टर सहज मिळतो. ‘कुठल्याही टाकीला चालेल’ म्हणून तो गळ्यात मारतात, पण त्याची खरी जागा म्हणजे सिक्लिडच्या (एंजल, ऑस्कर ज्यात येतात ते माशांचं कुळ) पैदाशीची दोनफुटी टाकी (२४ × १२ × १५ इंच, साधारण ७० लिटर).

मोटरच्या फिल्टरमध्ये नुकती पोहायला लागलेली पिल्लं ओढली जातात. इथे ओढ इतकी हलकी, की पिल्लं स्पंजावरच टिपत बसतात. एंजलची जोडी तर मुद्दाम ठेवलेली पाटी सोडून नेमकी याच्या उभ्या नळीवर अंडी घालते! घालू द्या. नळी सुटी निघते. अंड्यांसकट झटकन दुसऱ्या टाकीत नेता येते.

नवा स्पंज तरंगतो, म्हणून पाण्याखाली बुडबुडे थांबेपर्यंत पिळा. आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीत चालवा, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया स्पंजात वाढतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात उतरतं. धुताना एका वेळी एकच स्पंज, तोही टाकीच्याच पाण्यात. नळाखाली धरलात तर क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात.

मुंबईत एक भानगड जास्तीची. तलावांचं पाणी मऊ, त्यात पीएच टिकवणारं कार्बोनेट कमी. दिवसातून तीनदा आर्टेमिया (पिल्लांना खायला घालायचे बारीक जिवंत कोळंबीसारखे जीव) घातला की बॅक्टेरिया तेवढंही संपवतात आणि पीएच गुपचूप घसरतो. तो ६ च्या खाली गेला की त्यांचं काम जवळपास थांबतं, अमोनियम (अमोनियाचं कमी पीएचमधलं, फारसं विषारी नसलेलं रूप) साठतो. मग घाईने अर्धं पाणी बदललं, की पीएच चढतो, त्याचा विषारी अमोनिया होतो आणि सकाळपर्यंत पिल्लं तळाला. ‘रोग आला’ म्हणून औषध ओतण्याआधी पीएच तपासा. काही मॉडेलना सिरॅमिक रिंगसाठी छोटे डबे असतात; त्यांतल्या एकात कोरलचे तुकडे भरा, ते हळूहळू विरघळून कार्बोनेट देतात. डबे नसतील तर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवा.

सक्शन कप मात्र भिकार. काही महिन्यांत कडक होऊन सुटतात. जड बुडाचं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न हे मोठे, दांडगे सिक्लिड हा फिल्टर उपटून फिरवतात, शिवाय त्यांची घाण याला झेपत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडनी गच्च भरलेल्या टाकीलाही कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा मोटर फिल्टर) किंवा संपच (फिल्टरसाठीची वेगळी टाकी) हवा. तिथे हा फार तर जोडीला ठेवावा, म्हणजे तोंडात अंडी धरलेली मादी वेगळी काढायच्या दिवशी मुरलेला स्पंज तयार असतो.