रोजच्या डिझेल गाडीला रिमॅप करावा की कंपनीचाच मॅप ठेवावा?

जुनी १.३ लिटर डिझेल जपून वापरणाऱ्याच्या मनात रिमॅपचा विचार एकदा तरी येतोच. इंजिन चालवणारा छोटा संगणक म्हणजे ईसीयू, त्यातली कंपनीची फाईल म्हणजे मॅप, आणि जोर वाढवायला ती बदलणं म्हणजे रिमॅप. हप्ते फिटलेले असतात, वॉरंटी केव्हाच संपलेली असते, इंजिन ठणठणीत असतं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे तशीच नवी घ्यायची म्हटली तरी मिळत नाही. मग वाटतं, आहे त्याच गाडीतून थोडा जास्त जोर निघाला तर काय वाईट? मी तो करून पाहिला. साधारण चौदा महिने रिमॅप केलेली गाडी रोज चालवली, नंतर मूळ मॅप परत टाकून घेतला. त्यालाही आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन्हीकडचं जवळून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

गाडी २०१३ ची, इंजिन फियाटचं १.३ मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. माझ्याकडचं ७५ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती), साध्या टर्बोचं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. रोज धायरी ते हिंजवडी, म्हणजे नवले पूल, बायपास आणि शेवटी वाकडची कोंडी. महिन्यातून एकदा-दोनदा वाईला, गावी.

रिमॅपच्या बाजूने बोलायचं तर आधी वाईच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटाचं सांगायला हवं. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि पुढे उसाचा ट्रक. मूळ मॅपवर जुन्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम अठराशेच्या खाली आला की गाडी मान टाकायची. दुसरा टाकावाच लागायचा आणि तोवर ओव्हरटेकची जागा गेलेली असायची. रिमॅपनंतर तोच चढ तिसऱ्यावर निघू लागला. बायपासवर ऐंशीवरून शंभरला जायला गिअर बदलायची गरज उरली नाही. पहिले पंधरा दिवस मी खरोखर खूश होतो. गाडी एक इयत्ता वर गेल्यासारखी वाटत होती. रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरने दिलेल्या कागदावर ९५ पीएस आणि २३५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ) लिहिलं होतं. डायनोवर, म्हणजे जोर मोजायच्या यंत्रावर, मोजून घेतलं नाही, पण फरक पायाला कळत होता एवढं नक्की.

आता ज्या गोष्टीमुळे मी मागे फिरलो, ती नीट सांगतो, कारण रिमॅप करण्याआधी ती मला कुणी सांगितली नव्हती.

या टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो. अठराशे-दोन हजारच्या खाली तो पुरेसा नसतो, म्हणून तिथे इंजिन सुस्त असतं. हे या इंजिनाच्या प्रत्येक मालकाला माहीत आहे. रिमॅपने ही सुस्ती जाईल असं मला वाटलं होतं. ती जात नाही. सॉफ्टवेअर डिझेल वाढवू शकतं, पण टर्बो फिरायच्या आत हवा कुठून आणणार? हवा नसताना डिझेल वाढवलं तर धूर होतो, म्हणून शहाणा ट्यूनर खालच्या आरपीएमला फारसा हातच लावत नाही. जो काही जोर वाढतो तो दोन हजारच्या वर. म्हणजे खालचा खड्डा तेवढाच राहतो आणि पुढची पायरी मात्र उंच होते. मूळ मॅपवर ही पायरी कंपनीने घासून बोथट केलेली असते. रिमॅपमध्ये ती धारदार होते.

मोकळ्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. जाणवतं ते दुसऱ्या गिअरमध्ये, पंधराच्या वेगात, पुढे रिक्षा असताना. पाय हलकेच दाबावा तर काही होत नाही. किंचित जास्त दाबला की एकदम लोट येतो, मग ब्रेक, मग परत तेच. एकट्याने गाडी चालवताना सवय होते. मागे बसलेल्यांना होत नाही.

त्या वर्षी गणपती आणायला आम्ही दोघं गेलो. सिंहगड रस्त्यावरच्या स्टॉलवरून शाडूची मूर्ती घेतली, दीड फुटाची. बायको ती मांडीवर धरून पुढच्या सीटवर बसली. वडगावपासून धायरी फाट्यापर्यंत गाड्या अक्षरशः सरकत होत्या. माझा पाय जमेल तेवढा हलका होता, तरी दर दहा-बारा फुटांवर गाडी पुढे झेपावत होती आणि दर वेळी तिचे दोन्ही हात मूर्तीभोवती घट्ट होत होते. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला मुकुटाचं टोक डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. ती म्हणाली, "थांबव रे, मी चालत येते." आणि खरंच उतरली. पुढचं अर्धा किलोमीटर ती मूर्ती हातात धरून रस्त्याच्या कडेने चालली आणि मी रिकामी गाडी घेऊन तिच्या मागे मागे. ते दृश्य मला अजून टोचतं. विसर्जन झाल्यावर पुढच्याच रविवारी मी ट्यूनरकडे जाऊन मूळ फाईल परत टाकून घेतली.

कुणी म्हणेल, ट्यूनच वाईट असेल. असेलही. त्याने दोनदा फाईल मवाळ करून दिली, पैसे न घेता. फरक पडला, पण पायरी राहिलीच. मला तर यात कंपनीच्या एका निर्णयाचं उत्तर दिसतं. याच १.३ चा ९० पीएसचा अवतार एसएक्स-४ मध्ये आणि नंतर एर्टिगामध्ये आला, तेव्हा त्यात टर्बोच बदलला होता, कमी आरपीएमवरही लवकर जोर धरणारा व्हीजीटी टर्बो बसवला होता. नुसत्या सॉफ्टवेअरने चांगलं भागलं असतं तर एवढा खर्च कुणी कशाला केला असता?

क्लचचंही बोलायला हवं. रिमॅपनंतर आठ-नऊ महिन्यांनी खंबाटकीत चौथ्यावर पाय दाबला की आरपीएम चढायचा, वेग नाही. क्लच किट बदलावं लागलं. तोवर गाडी लाखाच्या पुढे गेली होती, त्यामुळे सगळा दोष रिमॅपला देणं बरोबर नाही. पण क्लच निम्म्याच्या पुढे झिजलेला असेल तर जास्तीचा टॉर्क त्याला लवकर संपवतो, हे गृहीत धरून बजेट करा.

मायलेज? टाकी फुल करून फुल करायच्या हिशेबाने मला एकोणीस-वीस मिळायचं, रिमॅपवरही साधारण तेवढंच. रिमॅपऐवजी ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे वायरिंगमध्ये जोडायची डबी, लावणाऱ्यांनी मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो बॉक्स रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) कमी असल्याचं ईसीयूला भासवतो, त्यामुळे मीटरला जास्तीचं डिझेल दिसतच नाही. ऑफिसमधल्या मित्राच्या गाडीत मीटर तेवीस दाखवायचा, पंपावरचा हिशेब अठराच्या आसपास यायचा. माझं मत विचाराल तर बॉक्सपेक्षा रिमॅप बरा.

धूर थोडा वाढला. पीयूसीत गाडी पास झाली, पण आकडा आधीच्या वर्षापेक्षा वर होता. सिग्नलला मागे कुणी दुचाकीवर लहान मूल घेऊन उभं असलं की पाय दाबताना मला लाज वाटायची. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते उचलून धरलं. ईसीयूतली फाईल रस्त्यावर कुणी तपासत नाही. पण अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरपुढे काय सांगायचं, हा विचार मनात घेऊन गाडी चालवायला मला आवडलं नाही. हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

मूळ मॅप परत आल्यावर खंबाटकीत गाडी पुन्हा मान टाकते, हे खरंच. मी आता घाटाच्या सुरुवातीलाच दुसऱ्यावर येतो आणि ट्रकच्या मागे थोडं अंतर ठेवतो, म्हणजे आरपीएम पडत नाही. एअर फिल्टर वेळेवर बदलला आणि टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपचे क्लॅम्प घट्ट करून घेतले, तेवढ्यानेही गाडी बरीच मोकळी झाली. एका पाइपमधून बारीक हवा गळत होती. रिमॅपआधी हे पाहिलं असतं तर कदाचित मी त्या वाटेला गेलोच नसतो.

तरी ज्यांचं रोजचं चालवणं हायवेवरचं आहे, म्हणजे सातारा-कोल्हापूर किंवा नाशिक-धुळे, आणि गाडीत बहुतेक वेळा एकटेच असतात, त्यांना रिमॅप आवडेल. त्यांना मी नाही म्हणणार नाही. फक्त तुमच्याच गाडीच्या ईसीयूतून मूळ फाईल वाचून तिची प्रत तुमच्या हातात द्यायला सांगा. कुठून तरी आणलेली तयार फाईल नको. फाईल लिहिताना बॅटरीला चार्जर जोडलेला आहे ना, हे डोळ्याने पाहा, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर तुमचा मॅप पुसला जातो.

रोज शहरातून, घरची माणसं बसवून गाडी चालवायची असेल तर माझा कल कंपनीच्या मॅपकडे आहे. तरीही मन मानत नसेल, तर पैसे भरण्याआधी कुणाची तरी रिमॅप केलेली गाडी तासभर मागून घ्या. बायपासवर नेऊ नका, तिथे ती आवडणारच. संध्याकाळी सातला वाकडच्या पुलाखाली न्या आणि घरातलं कुणीतरी मागच्या सीटवर बसवा.