दहावीचं एनसीईआरटी विज्ञान: आनुवंशिकता चोख, उत्क्रांती गायब

बडोद्यातल्या सीबीएसई शाळांत हे पुस्तक घ्यावंच लागतं. म्हणून प्रश्न एवढाच, की सोबत काय ठेवायचं. 2022 मध्ये अभ्यासक्रम हलका करताना 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या नवव्या धड्यातली उत्क्रांती वगळली. आता तो आठवा धडा आहे, नुसत्या आनुवंशिकतेचा. 2023 मध्ये 1,800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या.

जे उरलंय ते चांगलं आहे. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या 556 बियांचे चार प्रकारांचे आकडे (315, 108, 101, 32) समोर ठेवल्यामुळे 9:3:3:1 हे गुणोत्तर घोकावं लागत नाही, मुलं ते स्वतः काढतात. पण उष्णतेच्या लाटेत उष्णता सोसणारे जिवाणू तगतील, एवढं सांगून धडा गप्प बसतो. तगले, मग पुढे?

गाळलेल्या पानांत सगळ्यात मोलाचं होतं ते डोळ्याबद्दलचं. 'इतका गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने होईलच कसा, कुणीतरी बेतलेला असणार' हा इंटेलिजंट डिझाइनवाल्यांचा लाडका मुद्दा. जुन्या धड्यात त्याला उत्तर होतं: प्लॅनेरिया या चपट्या कृमीला नुसते उजेड ओळखणारे ठिपके असतात आणि तेवढ्यावर तिचं भागतं. आताच्या दहाव्या धड्यात मानवी डोळा भिंगासकट आहे, तो आला कुठून ते मात्र नाही.

'मग दोन्ही बाजू शिकवा' असं कुणी म्हणालं तर डोव्हरचा खटला सांगावा. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या या गावच्या शाळा मंडळाने 2004 मध्ये नववीच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइनची ओळख करून देणारं निवेदन वाचायचं ठरवलं. पालक कोर्टात गेले. 20 डिसेंबर 2005 ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे आणि ते शाळेत शिकवणं घटनेविरुद्ध आहे, असा 139 पानी निकाल दिला. तिथली राज्यघटना आपल्याला लागू नाही, पण तपासता न येणारं विधान विज्ञानाच्या तासाला का नको, हे त्यातून कळतं.

पुस्तकाची उणीव वर्गात नैसर्गिक निवडीच्या (परिसरात जे तगतं तेच वाढतं) खेळाने अशी भरता येते. पानांच्या नक्षीचं हिरवं कापड, त्यावर पसरलेले 50 हिरवे वाटाणे आणि 50 तपकिरी देशी हरभरे. चिमट्याने, एका वेळी एकच, 75 दाणे उचलायचे. उरलेल्या 25 पैकी प्रत्येकाशेजारी त्याच जातीचे तीन दाणे टाकले की पुन्हा 100. असं तीन पिढ्या करून दर वेळी मोजायचं. साध्या कापडावर दाण्यांची सावली दिसते आणि सगळेच सापडतात. हाताने उचलू दिलं तर मुलं चाचपून शोधतात, रंगाचा फरक उरत नाही. नंतर हमखास येणारं वाक्य 'वाटाणे जास्त हिरवे झाले' हे. एकही दाणा बदललेला नसतो, बदललं ते प्रमाण. 'पण उचलणारा तर माणूस होता ना?' असं कुणी विचारलं तर उत्तम. त्याने जे दिसलं ते उचललं, हिरवे वाढावेत असं काही ठरवलं नव्हतं. शेवटी सगळे दाणे डब्यात घालून, डोळे मिटून त्यातले फक्त 10 काढायला सांगा. प्रमाण नुसत्या योगायोगानेही बदलतं, आणि हा भाग बरेच शिक्षक सोडून देतात.

उत्क्रांतीचा हाडांतला पुरावा बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये आहे: 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा 72 फुटी सांगाडा. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट आणि बोटं, हाच क्रम आपल्या हातात. पाच बोटं मोजायला मात्र लावू नका, या जातीत चारच असतात. कच्छमध्ये सापडलेल्या कच्छीसेटस या प्राचीन देवमाशाला चार पाय होते, हे सांगाड्याशेजारीच सांगावं.

पाचपैकी तीन गुण. 2022 पूर्वीची प्रत जुन्या पुस्तकांत मिळाली तर तिचा नववा धडा जपून ठेवा. 'बारावीत आहेच की' ही सबब चालणार नाही. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आहे खरा, पण कॉमर्स-आर्ट्सची मुलं तिथवर पोचतच नाहीत.