अगत्तीचा मासमीन: महाग वाटला तरी घ्या

लक्षद्वीपहून एकच खाण्याची वस्तू आणायची असेल, तर मासमीन आणा. कुपा (म्हणजे ट्यूना मासा) उकडून, धुरी देऊन, उन्हात कडकडीत वाळवला की होतो तो मासमीन. मी वेंगुर्ल्याची, सोडे, सुकट नि खाऱ्या बांगड्यावर वाढलेली. सुक्या मासळीतलं मला कळतं, म्हणून ठामपणे लिहितेय.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर मी तो बनवणाऱ्यांच्या घरीच जाऊन घेतला. कुप्याचं डोकं आणि आतडी काढून उभे लांब तुकडे करतात, खाऱ्या पाण्यात उकडतात, काटे काढून नारळाच्या सोडणांचा धूर देतात आणि मग ऊन दाखवत राहतात. घरातल्या आजींनी दोन तुकडे एकमेकांवर आपटले. टणक लाकडासारखा आवाज आला. नातवाने हिंदीत सांगितलं, "असा वाजला तरच घ्यायचा." तुकडा फोडला तर आत गडद लालसर, काचेसारखी झाक. आंबूस वास अजिबात नाही, धुराचा मात्र छान येतो.

किलोचा भाव ऐकून आपल्याकडचा माणूस दचकतो. पण एक किलो मासमीनमागे ताजी मासळी कितीतरी पट लागते, आणि तीही जाळ्याने ओढलेली नसते. आधी लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यात, बारीक मासे जिवंत पकडायचे, ते होडीत जिवंत ठेवून बाहेर समुद्रात न्यायचे, कुप्याच्या थव्यात टाकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि काठीला लावलेल्या बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा उचलून होडीत टाकायचा. बारीक मासे मिळाले नाहीत तर त्या दिवशीची मासेमारी बुडाली. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या किनाऱ्यावर. तांदूळसुद्धा जहाजाने येतो तिथे, आणि अशा दिवसांत टिकणारा, विकता येणारा माल हाच. एवढं पाहिल्यावर मी तरी घासाघीस केली नाही.

चवीला जबरदस्त. तिथे तो कुटून ओलं खोबरं, कांदा, लसूण, हळद घालून भाताबरोबर खातात, त्याला मास पोडिचद म्हणतात. मी पाट्यावर ठेचून तसंच करते, वर दोन सोलं टाकते. मीठ शेवटी, चाखूनच घाला. श्रीलंकेत यालाच उंबलकड म्हणतात आणि खोबऱ्याच्या सांबोल नावाच्या चटणीत घालतात. तेही करून बघा, लिंबू सढळ हाताने पिळून.

तक्रार आहे ती पॅकिंगची. साधी प्लास्टिकची पिशवी, वर ना तारीख ना वजन. एवढ्या मेहनतीच्या मालाला घट्ट बंद पाकीट आणि चिठ्ठी मिळायलाच हवी, त्यांना भावही बरा मिळेल. परतताना कोचीच्या एका दुकानातून आणखी थोडा घेतला, तो मऊ निघाला आणि घरी येईपर्यंत त्यावर पांढरी बुरशी धरली. मुख्य भूमीवर घेणार असाल तर आपटून, फोडून, वास घेऊनच घ्या.

बेटावर जायला परवाना लागतो, तो आधीच काढा. कुणी ओळखीचं जाणार असेल तर त्याच्याकडूनही मागवता येईल. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत ठेवा आणि कुटायचा तेव्हा लागेल तेवढाच कुटा, भुकटीचा वास लवकर उडतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा पिशवीचा कापला.