‘सिरॅमिक कोटिंग’च्या नावाखाली कोयत्याचं पाणी उतरवलं

गोव्यात बार्देशातल्या एका दुकानदाराने माझ्या कोयत्याला ‘सिरॅमिक कोटिंग’ करून देतो म्हणून १४०० रुपये घेतले. पावसाळ्यातही गंज लागणार नाही, धार तशीच राहील, असं त्याने छातीठोक सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यावर साधा काळा स्प्रे मारला होता. पैसे गेले त्याहून मोठं नुकसान त्या रंगाखाली झालं होतं: कोयत्याचं पाणी, म्हणजे लोहाराने तापवून-बुडवून दिलेला कडकपणा, उतरलं होतं. म्हणून हे लिहितोय.

कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा, सत्तरी तालुक्यातल्या लोहाराने घडवलेला. काजूच्या बागेत झाडी तोडायला आणि रानात वाट काढायला तोच लागतो. असल्या पोलादात क्रोमियम नावापुरतं असतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते गंजतंच. काजूचा नाहीतर कोकमाचा रस लागून राहिला की डाग पडतात. दुकानदाराने गंज काढायला कोरडा ग्राइंडर फिरवला. धारेकडचा भाग पातळ, तो लगेच तापतो. पोलाद साधारण ३०० अंशांना निळं पडतं, त्यापुढे करडं. पाणी दिलेला कोयता इतका तापला की धार मऊ होते, आणि वरून काळा रंग दिला की ती निळाई कोणाला दिसणार?

मला दिसली ती रंग सोलवटल्यावर. एक सुकी फांदी तोडली तर धार चक्क दुमडली. कानस लावली, तर ती सरळ पोलाद खात गेली. पाणी शाबूत असतं तर इतक्या सहज खाल्लं गेलं नसतं. जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘बाब, तुम्ही तो दगडावर मारलात असणार.’ पैसे परत नाहीत.

भट्टीत नीट पक्कं केलेलं सिरॅमिक कोटिंग नखांचा रंग काढायच्या द्रावणाने पुसलं जात नाही. साधा स्प्रे मात्र लगेच फडक्याला लागतो. दुकानातच, पैसे देण्याआधी पुसून बघा. आणि धार टिकवण्याची भाषा कोणी केली तर तिथेच ओळखा, कारण पहिल्यांदा धार लावली की त्या कडेवरचं कोटिंग घासून जातं.

लोहाराने कोयता पुन्हा तापवून तेलात बुडवला, मग हलका तापवून कडकपणा बेताचा केला. आता रंग लावलेला नाही. पातं साबणाने धुऊन त्यावर कोमट व्हिनेगरचं फडकं गुंडाळलं, ते करडं झाल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतलं, कोरडं करून शिलाई मशीनचं तेल चोळलं. हा काळपट थर गंज थांबवत नाही, फक्त सावकाश करतो. जून ते सप्टेंबर काम झालं की पुसून तेल द्यावंच लागतं. पण पात्याला काय झालंय ते उघड्या डोळ्यांना दिसतं. ग्राइंडरवर कोणाला द्यायचाच असेल तर समोर उभे राहा, पाणी मारत राहायला सांगा, आणि पातं बोटाला सोसेनासं झालं की थांबवा.