घर बांधायला द्यायचं: लेबर रेटनं, चौरस फुटानं की मोजमापावर?

मराठवाड्यात कुणी घराचं काम काढलं की बीड असो वा परभणी, पाहुणेरावळे एकच विचारतात, "फुटाला काय भाव ठरला?" माझ्या मते काळ्या मातीतल्या प्लॉटवर हा भाव जोत्याच्या वरच तेवढा खरा असतो. जोत्याखाली त्याला काही अर्थ नाही.

गुत्तेदाराला काम द्यायचे रस्ते तीन.

पहिला लेबर रेटचा. सिमेंट, लोखंड, वाळू, विटा तुमच्या, माणसं त्याची. घरातलं कुणी रोज साइटवर उभं राहणार असेल तर हे परवडतं. जालन्याच्या कारखान्यातलं लोखंड काट्याची पावती बघून स्वतः घेता येतं. पण माल तुमचा म्हटल्यावर तो वाचवायची मिस्त्रीला काय पडलीय? म्हणून आकडा आधीच हातात हवा. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट लागतं. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट धरलं तर बीम सोडून ९५ पोती. हे माहीत असेल तरच "अजून वीस पोती पाठवा" या फोनला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

दुसरा रस्ता मालासकट चौरस फुटाचा. नोकरीमुळे पुण्यात राहून गावाकडं घर बांधणाऱ्यांना हाच सोयीचा, आणि सगळ्यात जास्त भांडणंही यातच. फूट कशाचे मोजायचे? छज्जा, बाल्कनी, जिन्यावरची खोली धरायची का? सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड कुणाकडं? दोन गुत्तेदारांच्या भावात शंभर रुपयांचा फरक दिसतो, पण स्वस्तवाल्यानं बाहेरचं प्लास्टर धरलेलंच नसतं.

त्यात आपली जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तो कितीवर लागेल हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. समजा, दीड बाय दीड मीटरचे १२ खड्डे, खोली दीड मीटर धरली: खोदाई ४०.५ घनमीटर. चांगला थर २.१ मीटरवर लागला तर तीच ५६.७. म्हणजे जवळपास पावणेसहा ब्रास जादा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), शिवाय कॉलमची लांबी आणि लोखंड वाढलं ते वेगळं. घराचा एक चौरस फूटही वाढलेला नसतो. मग गुत्तेदार एकतर जादा पैसे मागतो, नाहीतर मुकाट्यानं पाया कमी खोल घेतो. दुसरं जास्त वाईट.

हे हिशोब करणारा माणूस म्हणजे मोठ्या प्रकल्पांवरचा क्वांटिटी सर्व्हेअर. तालुक्याला तुम्हाला तो बिलिंगचं काम केलेला सिव्हिल इंजिनिअर म्हणून सापडेल. नकाशावरून प्रत्येक कामाचं माप काढायचं, आयटमवार यादी करून दर लावायचे, आलेल्या कोटेशनमध्ये कुणी काय गाळलंय ते हेरायचं, काम चालू असताना मापं घेऊन प्रत्येक बिल तपासायचं आणि शेवटी जादा कामाचा हिशोब मिटवायचा. घर मजबूत आहे का, हे मात्र त्याला विचारू नका. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या मुलखात तरी त्याची फी वाचवू नये.

तिसरा रस्ता मोजमापाचा: खोदाई ब्रासवर, लोखंड किलोवर, प्लास्टर चौरस फुटावर. जेवढं काम तेवढेच पैसे. सरकारी कामं अशीच एमबीत, म्हणजे मापांच्या वहीत, मापं चढवून चालतात. पण मोजायचं कसं, हे आधी लिहून घ्यावं लागतं. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, दार-खिडकीसारख्या उघड्या जागेची प्लास्टरमधून वजावट नाही. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची असेल आणि भिंतीला दोन्हीकडून सारखंच प्लास्टर असेल, तर वजावट एकाच बाजूची. भरावाचंही तसंच: मुरूम गाडीत मोजला तर जास्त भरतो, धुमसून बसवल्यावर कमी. पैसे कशाचे द्यायचे, ते गाडी यायच्या आधी ठरवा. छोट्या घराला हा सगळा कारभार जड वाटतो, आणि गावाकडचे बरेच गुत्तेदार त्याला तयारही होत नाहीत.

म्हणून मी तरी मधला मार्ग सुचवेन. जोत्यापर्यंतचं काम मोजमापावर, वरचं चौरस फुटावर, आणि त्या भावात काय काय आलं याची यादी करारात. मोजणाऱ्याची फी ठरावीक रकमेत ठरवा. ती खर्चाच्या टक्क्यांत असली तर खर्च वाढला की त्याची फीही वाढते. पायाची मापं खड्डे बुजायच्या आत घ्यायची, आणि वहीवर त्याच दिवशी तुमची आणि गुत्तेदाराची सही.