बेळगावच्या टिळकवाडीतला लघवी गळण्यावर उपचार करणारा दवाखाना: माझा अनुभव

आमच्या खानापूर भागात भाताची लावण भर पावसात होते. सगळ्याच जणी चिंब, त्यामुळं वाकलं की माझी लघवी गळते हे सहा वर्षं कुणाला कळलं नाही. हाल व्हायचे लग्नाकार्यात. दाराजवळची जागा धरायची आणि सकाळपासून पाणी प्यायचं नाही.

आधी एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथं सगळं कन्नडात. मला बाजारापुरतं कन्नड येतं, पण हे सांगायला शब्द नव्हते आणि बोलायला सोबत पुतण्या. त्याच्यासमोर कसं सांगणार? ‘पोट दुखतं’ म्हटलं, गोळ्या घेऊन परतले.

गेल्या श्रावणात नणंदेनं इथं आणलं. फिजिओथेरपीच्या मॅडम घरी कन्नड बोलणाऱ्या, पण मला मराठीतच विचारलं, “मावशी, खोकलं-शिंकलं की थेंब पडतात, की लागली की धीरच निघत नाही?” हे दोन निराळे त्रास आहेत हे तेव्हा कळलं. माझा पहिला. लघवी तपासून घेतली. तीन दिवस पाणी किती, लघवी किती वेळा, गळली कधी, याची नोंद करायला कागद दिला. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यावर पेल्याची नि थेंबाची चित्रं आहेत. पाणी तोडल्यानं लघवी घट्ट होऊन मूत्राशय आणखी चिडतं, म्हणून पाणी वाढवलं, चहा कमी केला.

व्यायाम असा: वारा अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं, मग सैल सोडायचं, श्वास रोखायचा नाही. एका वेळी ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. मी नुसतं पोटच आवळत होते! मॅडमनी पडद्याआड, मला विचारून, तपासून चूक दाखवली. घरी एकटीनं केलं असतं तर वर्ष फुकट गेलं असतं. दोन महिने काही फरक नव्हता, चौथ्यात खोकताना कोरडी राहिले. मे महिन्यात भाचीच्या हळदीला पाणी पिऊन पुढं बसले.

दोन गोष्टी मात्र बदलायलाच हव्यात. दवाखाना वरच्या मजल्यावर आणि संडास खाली. या त्रासाच्या बाईनं जिना कसा उतरायचा? आणि काउंटरवरचा फॉर्म मराठीत नाही, त्यामुळं कशासाठी आलात हे बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात. नवी बाई तिथूनच माघारी फिरेल. मी दोन्ही सांगून आले आहे.

एका वेळचे ३०० रुपये. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, म्हणून महिन्यातून दोनदा जमलं. उर्दू बोलणाऱ्यांना तिथल्या मदतनीस ताई समजावतात. मंगळवारी दुपारी जा, गर्दी नसते.