जुनी शिडाची होडी घेताना: लाकडी की फायबरची?

कोकणात जुनी शिडाची होडी घ्यायची म्हटलं की बहुतेकदा दोनच पर्याय समोर येतात. एक, खाडीकाठच्या सुतारानं बांधलेली लाकडी होडी. दुसरा, मुंबई-गोव्याकडून दोन-तीन मालक बदलून आलेली फायबरची यॉट. दोन्ही तपासायच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत.

मी फसलो तो लाकडात. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर होडी बघायला गेलो. नवा निळा रंग, ताजं तेल, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा हार. भुललो आणि विसार देऊन आलो. पुढच्या मे महिन्यात होडी वर ओढून रंग खरवडला, तर मागच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. लाकूड खोबऱ्याच्या चोथ्यासारखं हातात आलं. तेव्हापासून सांगतो, लाकडी होडी मेअखेरीला बघा: नुकतीच पाण्याबाहेर काढलेली, रंग लागायच्या आधी.

कुठे टोचायचं तेही महत्त्वाचं. खाऱ्या पाण्यानं लाकूड सहसा कुजत नाही, कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्यानं. म्हणून वरच्या फळ्यांचे सांधे, डोलकाठीचं बूड आणि तळात पाणी साठतं ते कोपरे आधी बघा. पावसाळ्यात होडी झापांनी नीट शाकारलेली होती का, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारा. पाण्याखालच्या भागाची भीती वेगळी. तिथे लाकूड पोखरणारा किडा लागतो. म्हणायला किडा, खरं तर तो शिंपल्यांच्या जातीचा प्राणी. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोटभर जाडीची बोगदी असतात. त्यामुळे पठाण, म्हणजे तळाचा कणा, टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर खिळ्यासकट आजूबाजूचं लाकूडही गेलेलं असतं.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. महिनोन्‌महिने कोरडी राहिलेली होडी पाण्यात घातली की पहिले एक-दोन दिवस झिरपतेच. लाकूड फुगलं की सांधे मिटतात. आठवड्यानंतरही उपसावं लागत असेल तर दुखणं वेगळं आहे.

फायबर आपलं दुखणं असं दाखवत नाही, कानानं शोधावं लागतं. स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जा. टणटणीत आवाज येत असताना मधेच भद्द वाजलं, तर तिथे थर सुटलेत किंवा आतला गाभा भिजलाय. डेकवर अनवाणी चाला, पायाखाली दबेल त्या जागी खडूनं खूण करा. पाण्याखालच्या भागावर फोड असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर पाणी थरांत शिरलंय. तेवढ्यानं होडी बुडत नाही, पण दुरुस्तीआधी ती महिनोन्‌महिने वाळवावी लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही. फायबर म्हणजे कचकडं, असंही समजू नका. नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती गोव्यात बांधलेली होडी ‘म्हादेई’ लाकडी गाभ्यावर फायबर चढवलेलीच होती.

यॉटमध्ये खरा पैसा खातात त्या डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा. स्टेनलेस स्टील चकचकीत दिसतं, पण खाऱ्या हवेत ते आतून चिरतं. तारेवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तर एखादी वायर तुटलीय. दहा-पंधरा वर्षांच्या तारा कितीही चांगल्या दिसोत, बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. इंजिन बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा हात लावा. गरम लागलं तर संध्याकाळी परत जा.

आता निवड. तुम्ही गावात राहता, सुतार हाकेच्या अंतरावर आहे, रोज होडीकडे एक फेरी होते, तर लाकडी घ्या. एक फळी कुजली तर एक फळी बदलता येते. पुण्या-मुंबईहून महिन्यातून एकदा येणार असाल तर लाकडी होडी घेऊ नका, तिचे हाल होतील. फायबर घ्या, पण आधी खाडीचं मुख बघा. खाली जड कणा असलेल्या यॉटला दीड मीटर किंवा जास्त पाणी लागतं. आपल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, आणि ओहोटीला तिथे एवढंही पाणी राहत नाही. मग भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं.

नोंदणीचे कागद दोन्हींचे लागतात. परदेशी बनावटीची असेल तर कस्टमचेही मागा.

पैसे देण्याआधी दुपारी, खारा वारा चांगला सुटल्यावर, तासभर समुद्रात न्या. परत आल्यावर मालक गप्पा मारत असताना तळाची फळी उचला आणि आत किती पाणी आलंय ते बघा. त्या पाण्यात हाताचं बोट बुडवून चवही घ्या: गोडं असेल तर ते बहुतेक वरून आलंय, खारट असेल तर खालून.